हुकुमाचे ताबेदार

“आम्ही तर हुकुमाचे ताबेदार!” हें वाक्य आपल्याकडे इतक्या सहजपणें उच्चारलें जातें कीं, त्यांत कांहीं नैतिक प्रश्न दडला आहे असें बोलणारास वाटत नाहीं आणि ऐकणारासही वाटत नाहीं. ‘कोमागाता मारू’ या जपानी जहाजाची हकीकत वाचल्यापासून मात्र तें आमच्या कानास खटकूं लागलें आहे.

हें जहाज 376 हिंदी उतारू घेऊन 23 मे 1914 रोजीं व्हँकुव्हरच्या बंदरांत आलें. मायदेशाहून वाटेंत न थांबतां आलेल्यासच उतरूं द्यावें, असा कॅनडा सरकारचा 1908 सालचा नियम होता. आणि हिंदुस्थानांतून तसें थेट तिकीट आगबोट-कंपन्यांकडून मिळतच नसे! नियमांत हिंदी मनुष्याचें नांवही नव्हतें, पण रोख त्याच्यावरच होता. दोन महिने हे लोक समोर किनारा दिसत असतां जहाजावर कोंडून पडले. अन्नपाण्याची टंचाई झाली. अखेर मूठभर लोकांखेरीज सर्वांस 23 जुलै रोजीं लढाऊ जहाजाच्या धाकाखालीं परत लावून दिलें. पुढें 29 सप्टेंबर रोजीं कलकत्त्याजवळ बजबज येथें गोळीबार होऊन त्यांतील सुमारें वीस जण प्राणांस मुकले.

यांत दोषी कोण? ज्यांनीं नियम केला त्यांनीं तहानेलीं माणसें पाहिलीं नाहींत. गस्तीच्या नावेंतील शिपायानें तीं रोज पाहिलीं, पण नियम त्याचा नव्हता. 2016 सालीं कॅनडाच्या पंतप्रधानांनीं पार्लमेंटांत क्षमा मागितली. त्या शिपायाच्या वतीनें ती कोण मागणार?

यावर कोणी म्हणेल कीं, प्रत्येक शिपाई कायदा तोलूं लागल्यास राज्य चालावयाचें कसें? आक्षेप पोकळ नाहीं. परंतु स्वित्झर्लंडांतील सेंट गालनचा पोलीस-अधिकारी पाउल ग्र्यूनिंगर यानें 1938 सालीं सरहद्द बंद झाल्यावरही शेंकडों यहुदी निर्वासितांस आंत घेतलें. त्यांच्या कागदांवर प्रवेशाची तारीख मागची घातली. त्यामुळें स्वित्झर्लंडचें राज्य कोसळलें नाहीं. 1939 त त्याची नोकरी गेली, पुढल्या वर्षीं शिक्षा झाली, आणि 1972 त तो दारिद्र्यांत वारला. न्यायालयानें त्यास निर्दोष ठरविलें तें 1995 सालीं. आज्ञाभंगाची किंमत त्यानें स्वतः दिली. आज्ञापालनाची किंमत मात्र बहुधा दुसराच कोणी देत असतो.

शिपायास नांवें ठेवणें सोपें आहे. एका वर्षीं परीक्षेस उशिरा आलेला एक विद्यार्थी आम्हीं नियमाप्रमाणें दारांतून परत पाठविला. तो घामानें निथळत होता. भिंतीवरचें घड्याळ पुढें तर नाहीं ना, हें आम्हीं मान वळवून पाहिलेंही नाहीं.