श्वासातली हिंसा

आठ वल्हेकऱ्यांच्या शर्यतीच्या बोटीत नववा एक जण असतो. तो वल्हं मारत नाही. बोटीच्या पिछाडीला, पुढे तोंड करून तो बसतो, सुकाणू सांभाळतो आणि ओरडून लय देतो. त्याला कॉक्स म्हणतात. वल्हेकरी बोट जाते त्या दिशेला पाठ करून, म्हणजे त्याच्याकडे तोंड करून, एकामागे एक बसतात. दोन बैठकांत अंतर असतं सव्वा मीटरच्या आसपास. बोट पुढे जाते तशी हवा नाळेकडून पिछाडीकडे वाहते, आणि प्रत्येकाचा उच्छ्वासही त्याच दिशेला निघतो. स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला सहा ते आठ लिटर हवा आत-बाहेर करतो. जोर लावलेला कसलेला वल्हेकरी शर्यतीत दोनशे लिटरच्या वर जातो. आठ जणांनी बाहेर टाकलेली हवा ज्या वाटेने मागे सरते, त्या वाटेच्या टोकाला हा न दमलेला नववा माणूस बसलेला असतो. वारा पाठीमागून बोटीच्याच वेगाने येत असेल, तर हवा बोटीभोवती जवळजवळ स्थिर राहते आणि उघड्या नदीवर असल्याचा फायदाही बराचसा जातो. २०२० साली करोनाच्या साथीत बंद पडलेले रोइंग क्लब पुन्हा उघडताना हा हिशेब मांडावा लागला. तो आरोग्याचा होता, तसा नीतीचाही होता. दिसत नाही, हेतू नसतो, आणि नंतर कुणाकडे बोटही दाखवता येत नाही, अशी इजा आपल्या श्वासातून दुसऱ्याला झाली, तर ती आपली मानायची का? माझं उत्तर ‘हो’ असं आहे, आणि क्लब उघडण्याचे नियम या उत्तरावर उभे राहिले तरच त्यांना अर्थ आहे, असं मला वाटतं.

रोइंग ज्या देशात रुजलं त्या इंग्लंडचंच उदाहरण घेऊ. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज यांची बोट रेस मार्च २०२० मध्ये रद्द झाली. पुढच्या वर्षी ती ४ एप्रिलला झाली, पण टेम्सवर नाही. ईलीजवळ ग्रेट ऊझ नदीवर, प्रेक्षकांविना. हेन्लीची रेगाटा २०२० साली झाली नाही आणि २०२१ मध्ये ऑगस्टपर्यंत पुढे गेली. मे २०२० च्या मध्यावर मैदानी व्यायामावरची बंधनं सैल झाली तेव्हा पहिल्यांदा पाण्यात उतरल्या त्या एकेरी बोटी. मग एकाच घरातल्या दोघांच्या बोटी. आठ जणांची बोट रांगेत अगदी मागे. पुण्यात सीओईपीच्या बोट क्लबमुळे किंवा लष्कराच्या रोइंग केंद्रामुळे ज्यांना हा खेळ जवळून ठाऊक आहे, त्यांना हा क्रम किती कडू होता हे सांगायला नको. आठ शरीरं एका लयीत चालणं, श्वाससुद्धा वल्ह्याच्या ठेक्यात पडणं, हेच तर या खेळाचं सर्वस्व. नेमकं तेच शेवटी उघडायचं होतं.

यावर पहिला आक्षेप स्वातंत्र्याचा. रोइंग मुळातच धोक्याचं आहे. थंड पाण्यात बोट उलटू शकते, माणूस बुडू शकतो. सभासद सज्ञान आहेत, धोका ओळखतात, तरी उतरतात. मग विषाणूचाच एवढा बाऊ का? जॉन स्टुअर्ट मिलने १८५९ मध्ये ‘ऑन लिबर्टी’त मांडलेलं, दुसऱ्याला इजा होत नसेल तर कुणाच्या स्वातंत्र्यात हात घालू नये हे तत्त्व, जे आगरकरांच्या परंपरेत वाढलेल्या मराठी वाचकाला परकं नाही, ते या आक्षेपाच्या बाजूचं वाटतं. पण मिलचा तर्क उभा आहे तो इजा कुणाला होते या प्रश्नावर. बुडण्याचा धोका, वाचवायला जाणारा सोडला तर, बुडणाऱ्यापाशी थांबतो. संसर्ग थांबत नाही. तो सभासदाबरोबर घरी जातो, बोटी दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडे जातो, बसमध्ये शेजारी बसलेल्या अनोळखी म्हातारीकडे जातो. यांतल्या कुणीही क्लबच्या अर्जावर सही केलेली नसते. शिवाय लक्षणं दिसण्याआधीच माणूस दुसऱ्याला बाधित करू शकतो, त्यामुळे ‘मला बरं वाटतंय’ ही साक्षही पुरेशी ठरत नाही. संमती आपल्या वाटणीपुरतीच देता येते, आणि या रोगात ज्यांची वाटणी सगळ्यात जड ती माणसं क्लबच्या सभेला हजरच नसतात.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. माझ्या एका श्वासाने, माझ्या एका फेरीने काय होणार? शक्यता इतकी बारीक की ती शून्यच धरावी. तत्त्वज्ञ डेरेक पारफिटने ‘रीझन्स अँड पर्सन्स’ या १९८४ च्या ग्रंथात हाच हिशेब तपासला. प्रत्येकाने केलेली इजा इतकी सूक्ष्म की सोसणाऱ्याला ती वेगळी जाणवतही नाही, पण सगळ्यांची मिळून असह्य होते. अशा वेळी ‘माझा वाटा नगण्य’ म्हणून कुणालाही सुटका नाही, असं त्याने दाखवलं. पारफिटचं गणित मला पटतं, पण मन कशाने वळतं ते जैन परंपरेत अधिक नेमकं सापडतं. उमास्वातींचं तत्त्वार्थसूत्र हिंसेची व्याख्या करताना जीव घेण्याच्या कृतीला प्रमादाची जोड देतं: बेसावध, विकाराच्या अधीन असलेल्या वागण्यातून प्राणहानी होते, ती हिंसा. कुंदकुंदाचार्यांचा प्रवचनसार याहून पुढे जातो. जीव मरो वा न मरो, जो बेफिकीर वागला त्याच्याकडून हिंसा घडलीच. आणि जो जपून वागला त्याच्या हातून चुकून जीव गेला, तरी तेवढ्याने त्याला कर्मबंध नाही. स्थानकवासी आणि तेरापंथी साधू-साध्वी तोंडावर मुहपत्ती बांधतात ती आपल्या उच्छ्वासाने हवेतल्या सूक्ष्म जीवांना इजा होऊ नये म्हणून. मास्क घालणाऱ्याला आपल्या श्वासाने माणसाला होणारी इजा टाळायची होती. श्वास हे कर्म आहे आणि त्याचं उत्तरदायित्व असतं, हा विचार दोन्हींत एकच.

या कसोटीने सुटलेल्या आणि अडकलेल्या क्लबांची यादी बदलते. जिथे नियम मोडले पण नशिबाने कुणी आजारी पडलं नाही, तो क्लब निर्दोष ठरत नाही. जिथे सगळं जपून केलं आणि तरी एखादा बाधित झाला, तो दोषी ठरत नाही. निकालावरून नीती ठरवायची सवय खेळाडूंना असते, म्हणून हे त्यांना खटकेल. पण साथीत निकाल बहुतेकदा कळतच नाही. संसर्ग कुणी कुणाला दिला याचा छडा क्वचितच लागतो. मग तपासायला उरतो तो सावधपणाच.

आणि सावधपणाला ज्ञान लागतं. नुसत्या घाबरण्याला सावधपणा म्हणता येत नाही. १० मार्च २०२० रोजी अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या स्कॅजिट व्हॅली कोराल या गायकवृंदाचे ६१ जण अडीच तास एका सभागृहात गाण्याच्या तालमीला जमले. त्यांतले ५३ जण आजारी पडले, दोघे दगावले. गाताना फुप्फुसं पूर्ण उघडतात, हवा बंद खोलीत साचते, आणि वेळ जातो. क्लबमधली रोइंग मशीनची खोली याहून फार वेगळी नसते; तिथे तर माणसं गाण्याहून कितीतरी जोरात श्वास घेतात. या खोलीत कार्बन डायऑक्साइड मोजण्याचं साधं यंत्र ठेवलं तर ते बोलकं ठरतं. बाहेरच्या हवेत त्याचं प्रमाण दहा लाखांत चारशेच्या थोडं वर, आपल्या उच्छ्वासात सुमारे चाळीस हजार. खोलीत आकडा बाराशेवर गेला, तर आत घेतलेल्या हवेतला जवळजवळ पन्नासावा भाग कुणाच्या तरी छातीतून आलेला असतो. मशीन दोन-दोन मीटरवर ठेवल्या तरी हा आकडा हलत नाही. दारं सताड उघडली, माणसं कमी केली, किंवा मशीनच अंगणात नेल्या, की तो उतरतो.

तरीही २०२० मध्ये अनेक क्लबांची शक्ती गेली ती वल्ह्यांच्या मुठी पुसण्यात. सुरुवातीला ते समजण्यासारखं होतं. जागतिक आरोग्य संघटनेचा भरही तेव्हा थेंबांवर आणि पृष्ठभागांवर होता, आणि हवेतून होणाऱ्या प्रसाराकडे लक्ष द्या असं सांगायला जुलै २०२० मध्ये २३९ शास्त्रज्ञांना खुलं पत्र काढावं लागलं. एप्रिल २०२१ मध्ये अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेने स्पष्ट केलं की दूषित पृष्ठभागाला एकदा हात लागून संसर्ग होण्याची शक्यता साधारणपणे दहा हजारांत एकाहूनही कमी आहे. त्यानंतरही फवाऱ्याची बाटली हातात आणि खोलीच्या खिडक्या बंद, असं चाललं असेल तर ते सोवळंच म्हणावं लागेल: शुद्धीचं समाधान देणारं, पण धोक्याला न भिडणारं. धर्माच्या इतिहासात कर्मकांड असंच वाढतं. हेतू विसरला जातो, हातांची सवय उरते. प्रवचनसाराच्या मापाने पाहिलं तर कळल्यानंतरही न बदलणं हाही प्रमादच.

सोवळ्याचं नाव काढलं की मराठी वाचकाच्या मनात आणखी एक शंका उठणार, आणि ती उठायलाच हवी. अंतर ठेवा, स्पर्श टाळा, भांडी वेगळी ठेवा, ही भाषा आपल्याकडे शतकानुशतकं माणसांना हीन ठरवण्यासाठी वापरली गेली. तिला पुन्हा नीतीची वस्त्रं चढवायची का? मला वाटतं, फरक करता येतो, मात्र तो नियमातच दिसला पाहिजे. अस्पृश्यता एकतर्फी होती, जन्मावर ठरत होती आणि तिला शेवट नव्हता. संसर्गाचं अंतर दोन्हीकडून सारखं, कुणालाही लागू आणि मुदतीचं असायला हवं. क्लबच्या अध्यक्षाला मास्कविना दिवाणखान्यात बसता येतं आणि झाडणाऱ्या बाईला मागच्या दाराने यावं लागतं, तिथे आरोग्याच्या नावाखाली जुनंच काही चाललेलं असतं. १८९७ च्या प्लेगात पुण्यात सोल्जरांनी घरांत घुसून जे तपास केले, त्यांनी रोगाहून अधिक दहशत पसरवली. नियम ज्यांच्यावर लादले त्यांना त्यात काहीच आवाज नव्हता. त्याच साथीत सावित्रीबाई फुले रुग्णांची सेवा करता करता गेल्या. धाडसाची बाजू घेणारे त्यांचं नाव घेतील, तर ते चुकीच्या ठिकाणी घेतील. त्यांनी दुसऱ्यासाठी धोका स्वतःवर ओढून घेतला. स्वतःच्या आनंदासाठी दुसऱ्यावर धोका ढकलणं याच्या अगदी उलट आहे.

मग क्लब उघडूच नयेत का? श्वास हीच हिंसा म्हटलं तर हा निष्कर्ष अटळ वाटतो. पण ज्या परंपरेने अहिंसा सर्वात टोकाला नेली, तिनेच साधूंची महाव्रतं आणि गृहस्थांची अणुव्रतं वेगळी केली. संसारात राहणाऱ्याकडून काही इजा होणारच, हे तिला मान्य आहे. गृहस्थाकडून ती मागते ते मर्यादा आणि भान. आणि बंद ठेवण्यालाही किंमत होती. एकटी राहणारी माणसं, दुखापतीतून सावरणारे, व्हीलचेअरवरून थेट बोटीत बसणारे पॅरा-रोअर, शाळा बंद असलेली मुलं, यांचं झालेलं नुकसानही खरंच होतं. म्हणून आधी एकेरी बोटी हा क्रम मला केवळ तडजोड वाटत नाही. नदीवर एकटा वल्हवणारा माणूस जवळजवळ कुणालाच धोक्यात घालत नाही, आणि त्याला तेवढीही मोकळीक न देणं हा उलट बाजूचा बेफिकीरपणा ठरला असता. काही चौघांच्या बोटींत कॉक्स नाळेत, पुढे तोंड करून आडवा पडून सुकाणू धरतो. वल्हेकऱ्यांची तोंडं विरुद्ध दिशेला. आठांच्या आधी असल्या बोटी उघडणं हा एका जागरूक क्लबला सुचण्यासारखा विचार आहे. अडचण एवढीच की एकेरी बोट नवशिक्याला झेपत नाही. ती सहज उलटते. तेव्हा नवशिक्यांसाठी रुंद, स्थिर बोटी काढणं आणि त्या मुलांना ताटकळत न ठेवणं हेही क्लबचंच काम होतं.

सगळ्यात दुबळी जागा मात्र नियमांच्या बाहेर आहे. घसा खवखवतोय म्हणून घरी थांबलेल्या वल्हेकऱ्याची बोटीतली जागा दुसऱ्याला मिळणार असेल, तर तो खोकला दाबून येणार. आणि क्लबच्या कारागिराला विलगीकरणात गेल्यावर इंग्लंडच्या २०२० च्या कायद्याने किमान मिळणार होते आठवड्याला ९५.८५ पौंड, तेवढ्यात घरभाडं भागत नाही, म्हणून तोही कामावर येणार. त्या दोघांना बेफिकीर म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. सावध राहण्याचा खर्च क्लबने त्यांच्या माथी मारला, तर प्रमाद क्लबचा. जागा राखून ठेवण्याचं लेखी वचन आणि आजारपणातला पूर्ण पगार, या दोन गोष्टी सॅनिटायझरच्या आधी अंदाजपत्रकात यायला हव्या होत्या.