दोन घरांमधला निरोप्या

घटस्फोटाच्या खटल्यात मुलाचा ताबा कोणाकडे द्यायचा, हे न्यायालयाला ठरवावेच लागते. ते ठरले की मुलाचा प्रश्न मिटला, असे मात्र आपण सगळेच धरून चालतो. हा समज किती अपुरा आहे, ते एलिनॉर मॅकोबी या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंच्या संशोधनातून मला नीट उमगले.

मॅकोबी १९१७ साली जन्मल्या आणि २०१८ मध्ये, एकशे एक वर्षांचे आयुष्य जगून गेल्या. मुलगे आणि मुली यांच्यातल्या फरकांबद्दल जे ठासून सांगितले जाते, त्यातले पुराव्यावर किती टिकते, हे त्यांनी कॅरोल जॅकलिन यांच्यासह १९७४ च्या ग्रंथात तपासले होते. पुढे सत्तरीकडे झुकताना त्या ताब्याच्या प्रश्नाकडे वळल्या, तेव्हाही बाणा तोच होता: मत नंतर, आधी माणसांना विचारू.

मतांना तोटा नव्हताच. गोल्डस्टीन, अ‍ॅना फ्रॉइड आणि सॉल्निट यांनी १९७३ मध्ये मांडले होते की मूल ज्या पालकाकडे राहते, त्याचाच शब्द अंतिम असावा. दुसऱ्याने मुलाला भेटावे की नाही, हेही त्यानेच ठरवावे. उलट कॅलिफोर्नियात १९८० पासून संयुक्त ताब्याला कायद्याने वाट मिळाली. दोन्ही बाजू मुलाच्या हिताचीच भाषा बोलत होत्या. मॅकोबी आणि कायद्याचे अभ्यासक रॉबर्ट म्नूकिन यांनी कॅलिफोर्नियातल्या दोन परगण्यांत १९८० च्या दशकाच्या मध्यावर घटस्फोटाचा अर्ज केलेली सुमारे अकराशे कुटुंबे निवडली आणि काही वर्षे त्यांचा माग ठेवला. त्यावरचे पुस्तक १९९२ मध्ये आले. कागदावर संयुक्त ताबा असलेल्या अनेक घरांत मूल प्रत्यक्षात आईकडेच राहत होते. न्यायाधीशांनी निकाल द्यावा इतके ताणले गेलेले खटले अगदी थोडे निघाले. पण भांडण कोर्टात नसले म्हणजे घरातही नसते, असे थोडेच आहे?

मला सर्वांत मोलाचे वाटते ते यापुढचे काम. ख्रिस्ती ब्यूकॅनन आणि सॅनफर्ड डॉर्नबुश यांच्याबरोबर मॅकोबींनी याच कुटुंबांतल्या पाचशेहून अधिक किशोरवयीन मुलांशी बोलणे केले. प्रश्न साधे होते. आई किंवा बाबा तुझ्यामार्फत एकमेकांना निरोप पाठवतात का? त्या घरात काय चालते, हे तुला खोदून विचारतात का? एकाजवळ दुसऱ्याचा विषय काढताना जीभ अडखळते का? ‘कोण आवडते’ असे न विचारता तुझ्यावर काय लादले जाते, हे विचारण्यात मुलाविषयी खरा आदर आहे. ज्यांना आपण दोघांच्या कात्रीत सापडलोय असे वाटत होते, त्यांच्यात खिन्नता आणि बिघडलेले वागणे जास्त दिसले. दोन्ही घरांत राहणारी मुले, आई-वडील भांडत असतील तर या कात्रीत सर्वाधिक सापडत. तेच आई-वडील जुळवून घेत असतील, तर सर्वांत कमी. म्हणजे तीच व्यवस्था एका मुलाला तारते आणि दुसऱ्याला पिळून काढते.

आपल्याकडे १९५६ चा हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा पाच वर्षांखालचे मूल सामान्यतः आईकडे ठेवतो आणि मुलाचे कल्याण सर्वोपरी मानतो. विधी आयोगाने २०१५ मध्ये, २५७ व्या अहवालात, संयुक्त ताब्याची तरतूद सुचवली. सूचना स्वागतार्हच आहे. पण नुसते दिवस वाटून दिले आणि निरोप मुलाच्याच तोंडून जात राहिले, तर काय साधेल? शिवाय आपल्या घरांत आजी, आत्या, मामा हेही विचारपूस करणारे असतात. सुट्टीवरून परतलेल्या नातवाला ‘तिकडे काय म्हणत होते रे?’ असे विचारणारी आजी प्रेमानेच विचारते, आणि पोराला उत्तर तोलावे लागते.

महाराष्ट्रातल्या कौटुंबिक न्यायालयांत विवाह समुपदेशक आहेत. मुलाशी ते एकांतात बोलतील तेव्हा मॅकोबींचे हे तीन प्रश्न त्यांनी जरूर विचारावेत आणि उत्तरे न्यायाधीशांपर्यंत पोहोचवावीत. आणि वेगळे झालेल्या आई-वडिलांना माझी कळकळीची विनंती आहे: फीची तारीख, सहलीची परवानगी, आजारपणाची बातमी हे सारे एकमेकांना स्वतः कळवा.