दुःखाला कारण असते



शहापूरच्या बांधीत रोवणी चालू असता, हाडे ठणकतात म्हणून घरी कण्हत पडलेले माणूस आपण पाहिले आहे. कोणी म्हणाले करणी, कोणी गतजन्मीचे पाप. कोंबडे कापले, दुखणे राहिलेच.

तथागतांनी शिकविले, दुःखाला कारण असते. विदर्भात आपल्या अनेक घरांत ते कारण आहे सिकलसेल, रक्ताचा आनुवंशिक आजार. डॉक्टरांच्या सल्ल्याने हायड्रॉक्सीयुरिया नियमित घेतल्यास वेदनेचे झटके कमी होतात. माणूस पुन्हा बांधीत उतरतो, रोवणीच्या जुन्या गाण्यांत सूर मिळवितो.

आईबाप दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक अपत्याला धोका चारांत एक. म्हणून सोयरीक जुळविताना पत्रिका पाहू नका. दोघांचे रक्त तपासा. हीच सम्यक दृष्टी.

जयभीम!