झाडाखालची कोंबडी

परसात चार झाडं लावून त्याखाली कोंबड्या सोडायच्या म्हटलं की पहिला प्रश्न येतो, परवडतं का? निव्वळ अंड्यांचा हिशेब मांडला तर नाही परवडत. पिंजऱ्यातली लेअर कोंबडी वर्षाला ३००च्या वर अंडी देते. गावठी कोंबडीने ५०-६० दिली तरी पुष्कळ झालं, कारण ती मधेच खुडूक बसते. २१ दिवस अंडी उबवते आणि त्यानंतर महिना-दोन महिने पिलांच्या मागे फिरते. तोवर अंडं नाही. फळांचंही तेच. परसातल्या पेरूची, चिकूची निगा बागायतदारासारखी कोण राखतो?

म्हणून हे दोन हिशेब वेगवेगळ्या वह्यांत लिहिणाऱ्याने या भानगडीत पडू नये. परसाची एक अट आहे. झाडाकडून किंवा कोंबडीकडून जास्तीत जास्त काढायचं नाही, एकाचं उरलेलं दुसऱ्याच्या कामी येऊ द्यायचं. ही अट ज्याला सोसते त्यालाच परस सोसतं.

फळमाशीचंच बघा. मादी पिकत आलेल्या फळाच्या सालीत अंडी घालते. अळ्या गर खातात, फळ गळून पडतं, मग अळ्या बाहेर पडून वरच्या दोन-चार बोटं मातीत कोष करतात. उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांत त्यातून नवी माशी निघते. ही माशी किरकोळ नव्हे. २०१४च्या मे महिन्यात युरोपीय संघाने भारतीय आंब्याला दार बंद केलं ते तिच्यामुळेच, आणि ते उघडायला २०१५ उजाडावं लागलं. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा रक्षक सापळा कोकणात घरोघरी टांगलेला दिसतो. तो चांगलाच आहे, पण त्यात नर माश्या सापडतात. सडलेल्या फळातल्या अळीचं काय?

ते काम खाली चालतं. पावसाळी बहाराचा पेरू पडला की कोंबडी आधी मान वाकडी करून एका डोळ्याने त्याच्याकडे बघते. एक चोच मारून साल फोडते. गर पिकलेला, गोड, पण तिचं लक्ष गरात नसतं. ती वळवळणारी पांढरी अळी नेमकी उचलते, मान झटकते आणि पुन्हा बघते. पेरूचं काम झालं की शेजारची माती. डावा पाय, उजवा पाय, की एक पाऊल मागे सरून काय निघालं याची तपासणी. फळमाशीचे कोष जेवढे खोल असतात, जवळजवळ तेवढंच तिचे पंजे उकरतात. यामुळे फळमाशीचा नायनाट होतो असं मात्र मी म्हणणार नाही. शेजारच्या बागेतून माशी उडत येतेच, आणि आंब्यावरच्या तुडतुड्यांना कोंबडीचा काही उपद्रव नाही. पण गळालेली फळं रोज वेचून नष्ट करा, असं तज्ज्ञ सांगतात आणि आपण ते करत नाही. त्या आपल्या आळसाची थोडी भरपाई कोंबडी करते.

झाडही तिला फुकट राबवत नाही. कोंबडीचा पूर्वज म्हणजे रानकोंबडा, झाडोऱ्यात आणि पाचोळ्यात वावरणारा. उघड्या अंगणात घारीची सावली फिरली की कोंबडी पिलांना घेऊन दडायला जागा शोधते. चिकूच्या फांद्या जमिनीपर्यंत वाकलेल्या असतात, तिथे घारीचं काही चालत नाही. रोज सकाळी खराटा घेऊन झाडाखाली लख्ख झाडणाऱ्यांना हे पटत नाही. पण पाचोळाच नसेल तर कोंबडीने खायचं काय?

त्रासही आहे, आणि तो लपवण्यात अर्थ नाही. जूनमध्ये लावलेलं कलम कोंबडी दुपारपर्यंत उघडं पाडते. तिला नेमकी भुसभुशीत माती आवडते. खोडाभोवती चिरे किंवा मोठे दगड लावून घ्यावेत, नाहीतर काटेरी फांद्या टाकाव्यात. मिरची आणि पालेभाजी हवी असेल तर त्यांना कुंपण घाला. कोंबडखत ताजं घातलं तर कोवळ्या झाडाच्या पानांच्या कडा करपतात, म्हणून ते पाचोळ्यात मिसळून कुजवायचं. आणि फवारणी? मोहोरावर औषध मारायचं, खाली मेलेले किडे पडायचे आणि ते कोंबड्यांनी वेचायचे, असं चालणार नाही. वर्षाची मिळकत हापूसवर असलेल्या माणसाला फवारणी सोडा म्हणून सांगणं हा शहरी आगाऊपणा होईल. त्याची बाग वेगळी, परस वेगळं. परसातल्या झाडाचा आंबा डागाळलेला निघाला तर तेवढा भाग कापून खायचा.

राहिला कोंबड्याचा प्रश्न. उबवलेल्या पिलांत निम्मे नर निघतात, आणि चार कोंबडे एका परसात नांदत नाहीत. कुणी पाहुण्यासाठी कापतो, कुणी राखणदाराला देतो. हे ऐकून नाक मुरडणारे आणि ‘आम्ही फक्त अंडी खातो’ म्हणणारे पुष्कळ भेटतात. लेअर जातीची नर पिलं उबवणी केंद्रात पहिल्याच दिवशी मारली जातात, कारण ती अंडी देणार नाहीत आणि त्यांच्या अंगावर पुरेसं मांसही धरत नाही. परसातला कोंबडा सहा-आठ महिने ऊन खातो, आरवतो, भांडतो. मला यातला दुसरा हिशेब कमी क्रूर वाटतो. निर्दोष मात्र तोही नाही.

स्वस्त अंड्याची मी टिंगल करत नाही. गरिबाच्या पोराच्या ताटात अंडं आलं ते त्या मोठ्या शेडमुळेच. पण एका जागी हजारो पक्षी ठेवण्याचं ओझं कधीकधी बाहेरच्यांवरही पडतं. २००६ साली नंदुरबार जिल्ह्यात नवापूरला बर्ड फ्लू आला तेव्हा भोवतालच्या गावांतल्या घरच्या कोंबड्याही माराव्या लागल्या होत्या.

तुम्हाला हे करायचं असेल तर आधी झाडं लावा. ती माणसाच्या कमरेएवढी झाली, मुळं धरली, की मग चारच कोंबड्या आणा आणि रात्री त्यांना मुंगूस शिरणार नाही अशा खुराड्यात कोंडा. मानमोडी हा कोंबड्यांचा रोग आला तर एका आठवड्यात खुराडं रिकामं होतं. तेव्हा पक्षी घरी आणण्याआधी जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जाऊन लस कधी मिळते ते विचारून या.