शेवटचा टोला

देवळातील घंटा फुटली तर ती कोणी फोडली? प्रश्न ऐकावयास पोरकट वाटेल. तथापि आम्हांस तो एका तक्रारीच्या कागदांत भेटला आणि तेव्हापासून त्याने आमचा पिच्छा सोडलेला नाही.

नागपूर–इटारसी लोहमार्गावर पांढुर्ण्याजवळ तिगाव हे स्थानक आहे. त्या बाजूच्या एका खेड्यात सायंकाळच्या आरतीस बारा-तेरा वर्षांच्या एका मुलाने दोन्ही हातांनी लोलक आपटला, आणि कांशाची जुनी घंटा ओठापासून वरपर्यंत चिरली. विश्वस्तांनी मुलाच्या बापाकडे नव्या घंटेची किंमत मागितली. बाप आमच्याकडे आला. "वकीलसाहेब, पोरानं वाजवली हे खरं, पण ती रोजच वाजत होती," एवढेच तो म्हणाला.

आम्ही घंटा पाहावयास गेलो. फुटीच्या कडा उजेडात धरल्या, तेव्हा दिसले की ओठाजवळचा थोडा भाग काळपट-हिरवा पडलेला आहे आणि उरलेला सगळा लख्ख आहे. काळवंडलेली भेग जुनी होती. तिच्यात कित्येक पावसाळ्यांची हवा शिरलेली होती. लख्ख भाग त्या सायंकाळचा. रेल्वेत डबे तपासण्यात आयुष्य घालविलेले एक वृद्ध गृहस्थ तेथे होते. पूर्वी मोठ्या स्थानकांवर गाडीची चाके हातोडीने ठोकून पाहत. धड चाक खणखणते, तडकलेले बद्द वाजते. ते म्हणाले, "हिचा आवाज दोन वर्षं बद्द येत होता. मी पंचांना सांगितलं होतं." पंचांनी घंटेस शेंदूर लावला होता.

काच सिद्धान्ताने ठरते त्या मानाने फारच थोड्या ताणाने का फुटते, याचा उलगडा ग्रिफिथ या इंग्रज अभियंत्याने 1921 साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात केला. पदार्थात आधीच बारीक भेगा असतात. भेग वाढली म्हणजे ताणात साठलेली शक्ती मोकळी होते. पण नवे पृष्ठ उघडण्यासही शक्ती खर्ची पडते. मोकळी होणारी शक्ती त्या खर्चास पुरी पडली की भेग धावू लागते. टोला केवळ ती शक्ती आणून देतो. ही धाव अशी, की काचेत भेग सेकंदास सुमारे 1500 मीटर वेग गाठते. वीतभर काच ती सेकंदाच्या सहा-सात हजाराव्या हिश्श्यात कापते. पुढे ती एकटी राहत नाही, तिला फांद्या फुटतात. कोणाचीही साक्ष येथे निरुपयोगी. डोळ्याचे पाते लवण्याच्या आत सर्व उरकलेले असते.

म्हणून आजचे अभियंते ती धाव संगणकात पुन्हा घडवितात. वस्तूचे हजारो बारीक तुकड्यांचे जाळे कल्पावयाचे, एका तुकड्यातून ध्वनी पार होण्यास लागेल त्याहूनही लहान क्षणांश घ्यावयाचा, आणि प्रत्येक क्षणांशास कोणता सांधा तुटला हे गणित करून पुढे सरकावयाचे. या पद्धती कसास लावण्यासाठी 1980 च्या दशकाच्या उत्तरार्धात काल्टहॉफ व विंकलर यांनी जर्मनीत केलेला प्रयोग वापरतात. खाचा पाडलेल्या पोलादी पत्र्यावर मध्यम वेगाने गोळा आदळला तर खाचेच्या टोकापासून भेग सुमारे 70 अंशांनी वळून निघते. वेग वाढविला तर धातू जवळजवळ सरळच पुढे कातरला जातो. तीच वस्तू, तीच खाच, आणि निकाल निराळा!

येथे एक खोड आहे. कच्च्या गणितात भेग पदार्थाच्या इच्छेने धावत नाही, जाळ्याच्या धाग्यांवरून धावते. जाळे आडवे विणले तर आडवी, तिरपे विणले तर तिरपी. आम्हां वकिलांस हा प्रकार परिचयाचा आहे. त्यास सूचक प्रश्न म्हणतात. उत्तर प्रश्नातच घालून साक्षीदारापुढे धरावयाचे! सरतपासणीत त्यास हरकत घेता येते. 1872 च्या साक्षीच्या कायद्यातही हे होते, आणि 1 जुलै 2024 पासून आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही आहे. गणितज्ञास हरकत कोण घेणार?

विश्वस्तांच्या एका आप्ताने असे गणित करून आणले. त्यात मुलाच्या टोल्याने घंटा फुटत होती. जुनी भेग त्यात घातलीच नव्हती. टोला मात्र फुटेपर्यंत वाढविला होता. आम्ही मोठ्या तोऱ्याने तो दोष दाखविला आणि ओळखीच्या एका अभियंत्याकडे गेलो. आता लिहावयास लाज वाटते ते पुढचे आहे. काळपट डाग दीड बोट होता. आम्ही त्यास सांगितले, "तीन बोटे धरून पाहा." तीन बोटांत गणिताने मुलास साफ सोडविले, पुजाऱ्याच्या रोजच्या टोल्यानेही घंटा गेलीच असती. अभियंत्याने विचारले, "मोजलेली किती?" आम्ही सांगितली. दीड बोटात रोजचा टोला घंटेने सोसला. दोन्ही हातांचा सोसला नाही.

तेव्हा मुलाचा टोला निमित्त होता हे खरे, आणि कारणही थोडेसे होता. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यास जाम नदीत गोटमार होते. तीत जखमी झालेल्याचे डोके कोणाच्या धोंड्याने फुटले हे कोणीच सांगू शकत नाही. बेकायदा जमावाच्या बाबतीत कायदाही शेवटचा हात शोधीत बसत नाही, समान उद्देश पाहतो. घंटेच्या बाबतीत मात्र शेवटचा हात सर्वांस दिसतो, म्हणून दोषही तेथेच चिकटतो. ज्यांनी बद्द आवाज ऐकला व शेंदूर लावला त्यांचे हात कोणाच्या डोळ्यांपुढे नव्हते. आमच्या मते दोषाचा मोठा भाग तेथे आहे, कारण त्यांस कळले होते आणि वेळ होता. मुलास दोन्हींपैकी काहीच नव्हते. पण मोठा भाग म्हणजे सगळा भाग, असे म्हणण्याचा अधिकार त्या दीड बोटाने आमच्याकडून काढून घेतला.

आम्ही दोन्ही गणिते पंचांपुढे ठेविली, तीन बोटांचेही. बराच वेळ कोणी बोलले नाही. मग वडीलधाऱ्या पंचाने मागणी मागे घेतली आणि नवी घंटा देवळाच्या पैशांतून करण्याचे ठरले. मुलाच्या बापाने आपण होऊन चौथा हिस्सा पुढे केला. आम्ही त्यास नको म्हटले नाही. फुटकी घंटा मोडीत दिली गेली. रेल्वेचे ते म्हातारबाबा आता दर सोमवारी नवीस बोटाच्या पेराने ठोकून, कान लावून पाहतात.