गेंड्याला हळदकुंकू

पेणहून अलिबागकडे निघालेली एसटी वडखळ मागे टाकून धरमतरच्या पुलावर येते, तेव्हा खिडकीशी बसलेली एखादी आजी कनवटीचे नाणे काढते, कपाळाला लावते आणि खाडीत सोडते. खाली अंबा नदीचे गढूळ पाणी असते, भरती असली तर डोलवीच्या जेटीकडे सरकणारा एखादा बार्ज दिसतो. नाणे पाण्यात पडल्याचा आवाज गाडीपर्यंत येत नाही. ते एकाचे होते की दोनाचे, छापा वर होता की काटा, हे आजीने पाहिलेलेही नसते.

नाणे पवित्र होते ते कशाने, हा धर्माच्या विचारातला प्रश्न या एवढ्याशा कृतीत दडलेला आहे. टांकसाळीत उमटवलेल्या चित्राने, की ते सोडणाऱ्या हाताने?

हा प्रश्न आपल्या देशात थेट न्यायालयापर्यंत गेला. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराला हजार वर्षे झाली म्हणून 2010 साली, आणि पुढे वैष्णोदेवी संस्थानच्या मंडळाच्या रौप्यमहोत्सवानिमित्त, केंद्र सरकारने खास नाणी काढली. धर्मनिरपेक्ष देशाच्या नाण्यावर मंदिर आणि देवी कशी, असे विचारत दिल्ली उच्च न्यायालयात याचिका झाली. न्यायालयाने 2018 साली ती फेटाळली. त्याआधी उलट बाजूनेही वाद झाला होता. 2005 नंतरच्या दोन रुपयांच्या नाण्यावर एकमेकींना छेदणाऱ्या रेषा आणि चार ठिपके होते. विविधतेतली एकता दाखवणारी ती खूण अनेकांना ख्रिस्ती क्रूस वाटली. 2007 पासून रुपयाच्या आणि दोन रुपयांच्या नाण्यांवर नृत्यातल्या हस्तमुद्रा आल्या.

कायद्याच्या दृष्टीने न्यायालयाचा निर्णय योग्यच असेल. भक्ताच्या दृष्टीने पाहिले तर मात्र देवाचे चित्र नाण्यावर अवघडून बसते. देवीची नाणी हाती आली की पुष्कळ जण ती खर्च न करता देवघरात ठेवतात. मग ते नाणे राहत नाही, टाक होते. आणि जी बाजारात फिरतात ती मासळीच्या टोपलीत, दारूच्या गुत्त्यावर, गटाराच्या कडेला कुठेही जातात. शिवाय आपल्याकडे चुकून पाय लागला तर कुठलेही नाणे उचलून डोळ्यांना लावायची रीत आहे. त्यावर गव्हाची ओंबी असो की नुसता आकडा, ती लक्ष्मीच असते. ज्या समाजाला प्रत्येक नाण्यात लक्ष्मी दिसते, त्याला ती सरकारने वेगळी छापून द्यायची गरज उरत नाही.

या विचाराचा सर्वात स्वच्छ दाखला पेण-अलिबागच्या याच जिल्ह्यात पडला आहे. 1674 साली रायगडावर शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला. त्या काळची तांब्याची शिवराई हातात घेऊन पाहावी. एका बाजूला तीन ओळींत ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला दोन ओळींत ‘छत्रपति’, भोवती ठिपक्यांचे कडे. राजाचा चेहरा नाही, भवानीची मूर्ती नाही. श्रद्धेची खूण म्हणाल तर एवढी एकच: ‘श्री’. ज्याच्या भवानीभक्तीच्या कथा घरोघरी सांगितल्या जातात, त्या राजाला आपल्या नाण्यावर हे एक अक्षर पुरेसे वाटले.

त्या सोहळ्याला मुंबईकर इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झेंडन हजर होता. चौलवरून, रोह्याजवळच्या अष्टमीवरून तो रायगडाला पोचला. त्याच्या तहाच्या मसुद्यात एक कलम होते: इंग्रजांची नाणी महाराजांच्या मुलखात चालावीत. महाराजांनी हे कलम अनावश्यक ठरवले. कुठल्याही नाण्याला आपली बंदी नाही, पण ज्यात रयतेचे नुकसान होईल असे नाणे घ्यायची सक्तीही आपण तिच्यावर करणार नाही. तुमचे नाणे कसाला आणि वजनाला इतरांइतके उतरले तर ते आपोआप चालेल, असा त्यांच्या उत्तराचा आशय होता. ही नुसती व्यापारी हुशारी नव्हे. नाण्याचा धर्म कोणता, याचे ते उत्तर आहे. नाणे घेणाऱ्याला फसवत नाही, एवढ्यावर त्याचे पावित्र्य उभे असते. आजच्या नाण्यावर सिंहांखाली ‘सत्यमेव जयते’ असते. मुंडकोपनिषदातून आलेल्या त्या शब्दांना शोभेल असेच हे उत्तर आहे.

चिन्ह आणि श्रद्धा यांची सांगड इतिहासात नेहमी सैलच राहिली. मूर्तिभंजक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या महंमद घोरीने उत्तरेत सोन्याची नाणी पाडली, त्यांवर बसलेली लक्ष्मी कायम ठेवली आणि आपले नाव नागरीत घातले. लोक ओळखीच्या नाण्यावरच विश्वास ठेवतात, हे त्याला कळत होते. पेशवाईतला पुण्याचा अंकुशी रुपया तर आणखी बोलका. मजकूर फारसी, नाव दिल्लीच्या शाहआलम बादशहाचे आणि मध्ये अंकुशाची खूण. पेणच्या कारखान्यात गणपतीच्या हाती कारागीर बसवतात, तोच हा अंकुश. रुपयावरचा अंकुश मात्र कुणी पुजला नाही. सराफ तो रुपया वाजवून घेत, नाद खणखणीत निघाला की ठेवून घेत.

या साऱ्याहून मोठा पेच तुकोबांनी घातला आहे. 2002 साली दोन रुपयांच्या नाण्यावर त्यांची प्रतिमा आली. परंपरा सांगते की घरच्या सावकारीतले आपल्या वाट्याचे कर्जरोखे त्यांनी इंद्रायणीत बुडवले आणि शिवाजी महाराजांनी पाठवलेला नजराणा परत केला. ज्याने येणे सोडून दिले, त्याचा चेहरा देण्याघेण्याच्या वस्तूवर आला. यात अपमान नाही. पण त्या नाण्यातून तुकोबा भेटायचे, तर ते जपून ठेवताना भेटणार नाहीत, हातातून सोडताना भेटतील. धरमतरच्या पुलावरची आजी तेच करते. गावाच्या नावात धर्म आहे आणि तरही आहे. तर म्हणजे होडीने पलीकडे जायची जागा.

देण्याचे मोल आकड्यात बसत नाही, हे आपल्या घरांतल्या सव्वा रुपयाला ठाऊक आहे. पूर्ण देऊन झाल्यावर वर थोडे अधिक, म्हणजे सव्वा. सरकारने पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी 30 जून 2011 पासून चलनातून काढून घेतली. व्यवहारातला पाव गेला. तरीही कितीतरी घरांत हळदकुंकवाच्या डब्याच्या तळाशी जुने चार आणे जपलेले असतात. गणेशचतुर्थीला विड्याच्या दोन पानांवर सुपारी ठेवतात, रुपया ठेवतात आणि शेजारी ते चार आणे. त्यांवर देव नाही. 1988 नंतरचे नाणे असेल तर त्यावर एक गेंडा आहे, आणि अनामिकेने त्यालाही हळदकुंकू लागते.