कधी कापू नये, हे कोण शिकवणार?

एमबीबीएस करणाऱ्या मुलांपैकी बहुतेक जण पुढे सर्जन होत नाहीत. तरी साडेचार वर्षांत सर्जरी हा विषय सगळ्यांना असतो, आणि इंटर्नशिपच्या वर्षातही तिथली ड्युटी चुकत नाही. मग ज्याला आयुष्यात कधी कुणाचं पोट उघडायचं नाही, त्याने सर्जरीतलं नेमकं काय शिकायचं? हा प्रश्न मला शेवटच्या वर्षाला असलेल्या मामेबहिणीचं लॉगबुक बघून पडला. मी सॉफ्टवेअरवाला. कुठलीही यादी दिसली की ती कोणी आणि कशावरून ठरवली, हे विचारायची खोड आहे.

आपल्याकडे 2019 पासून एमबीबीएसला क्षमताधारित अभ्यासक्रम आहे. म्हणजे किती धडे झाले ते मोजायचं नाही, विद्यार्थ्याला काय करता येतं ते मोजायचं. प्रत्येक क्षमतेपुढे पातळी दिलेली असते: माहीत आहे, कसं करायचं ते माहीत आहे, करून दाखवता येतं, स्वतः करता येतं. ही उतरंड जॉर्ज मिलर यांनी 1990 मध्ये मांडलेल्या पिरॅमिडवरून आलेली. लॉगबुकात कितवा प्रयत्न, शेरा, शिक्षकांची सही असे रकाने. आमच्या जिरा बोर्डासारखंच. आणि जिरावर काम केलेल्या कुणालाही माहीत असतं की जे रकान्यात मावतं तेच आधी होतं. टाका घालता येतो की नाही, यापुढे टिक करता येते. ‘या बाईला ऑपरेशनची गरज नाही, हे ओळखता येतं’ यापुढे कशी करणार?

हे उदाहरण मी उगाच घेतलेलं नाही. 2019 मध्येच बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांची गर्भाशयं काढल्याच्या बातम्या देशभर गाजल्या. सरकारने नेमलेल्या समितीच्या पाहणीत सुमारे 82 हजार बायकांपैकी 13 हजारांहून अधिक जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. त्यातल्या कितीतरी जणी चाळिशीच्या आतल्या. खाडा पडला की मुकादम दंड लावणार, फडावर ना संडास ना पाणी, त्यात पाळी आणि अंगावरून जाणं. अशा तक्रारी घेऊन दवाखान्यात गेल्यावर ‘पिशवी काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल’ असं सांगितलं गेल्याचं अनेकींनी सांगितलं. काटेकोर बोलायचं तर हा विषय स्त्रीरोगशास्त्राचा, पण सुरी तीच. सगळीच ऑपरेशनं विनाकारण झाली असं कुणी म्हणणार नाही. मला खटकतं ते वेगळंच. या ऑपरेशनांत टाके नीट पडले असतीलही. हात शिकलेलेच होते.

ही बाई ऑपरेशन टेबलापर्यंत पोचण्याआधी बहुतेक वेळा कुठल्यातरी साध्या डॉक्टरकडे गेलेली असते. तो सर्जन नसतो, पण तिला पुढे पाठवायचं की थांबवायचं, हे तो ठरवतो. उलट बाजूही तितकीच खरी. पंधरा वर्षांचा मुलगा पोटात दुखतंय म्हणून येतो. लाजेमुळे नेमकी जागा सांगत नाही. वृषणाला पीळ पडलेला असेल, तर ते वाचवायला साधारण 6 तास हातात असतात. इथे पहिल्या डॉक्टरने काहीच कापायचं नसतं. पोटदुखीचं इंजेक्शन देऊन घरी न पाठवता मुलाला नीट तपासायचं आणि लगेच गाडीत बसवायचं, एवढंच. अडकलेला हर्निया, फुटलेलं आतडं, यांतही तेच. कोणी थांबू शकतं, कोणी नाही, आणि कोणाला ऑपरेशन लागतच नाही: सगळ्या विद्यार्थ्यांना देण्यासारखी सर्जरी माझ्या मते ही आहे.

बहीण यावर म्हणाली, “दादा, उद्या बॉन्डवर मी पीएचसीत एकटी असेन. तिथे हातच चालले नाहीत तर तुझा विवेक घेऊन काय करू?” मुद्दा चोख आहे. जखम शिवणं, गळू फोडून पू काढणं, वाहतं रक्त थांबवणं हे प्रत्येकाला आलंच पाहिजे. पण त्यापुढचं? आपल्याच सरकारने तालुक्याला तज्ज्ञ मिळत नाहीत म्हणून एमबीबीएस डॉक्टरांना सिझेरियन आणि भूल शिकवण्याचे कार्यक्रम चालवले. त्यातलं भुलीचं प्रशिक्षण आखलं तेव्हा 18 आठवड्यांचं होतं. म्हणजे ज्याला गरज आहे त्याला, गरज असेल तेव्हा, हाताचं काम शिकवता येतं.

शिवाय हाताचं काम शिकायला कुणाचं तरी अंग लागतं. आमच्याकडे कोड आधी स्टेजिंगवर चालतो, मग प्रोडक्शनवर जातो. सर्जरीत रबराच्या कातडीवर टाके घालता येतात, पण पहिला खरा टाका खऱ्या माणसालाच पडतो. तो माणूस कोण? स्पेशल रूमचे पैसे भरणाऱ्याला मोठे डॉक्टर मिळतात. इंटर्नचा पहिला टाका सरकारी दवाखान्याच्या रांगेतल्या माणसाला. याशिवाय डॉक्टर घडत नाहीत हे मान्य. पण मग यादीत नवं कौशल्य घालताना कुणीतरी विचारायला हवं, की पुढे त्वचारोगतज्ज्ञ होणाऱ्या मुलाने हे एकदा करून बघावं यासाठी त्या माणसाने का सोसायचं? ‘बघितलेलं बरं असतं’ हे उत्तर मला पुरेसं वाटत नाही.

संमतीचं तर उलटंच आहे. ऑपरेशनआधी रुग्णाची संमती कशी घ्यायची, हे अभ्यासक्रमात सिम्युलेशनमध्ये, म्हणजे लुटुपुटूच्या रुग्णावर शिकायचं आहे. वॉर्डात मात्र ‘इथे सही, इथे अंगठा’ हे काम बऱ्याचदा सगळ्यात ज्युनिअर माणसाच्या वाट्याला येतं. 2008 मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे एक प्रकरण होतं: दुर्बिणीने तपासणी करायला संमती दिलेली बाई भुलीखाली असताना तिच्या आईची परवानगी घेऊन गर्भाशय आणि अंडाशयं काढली गेली. न्यायालय म्हणालं, तपासणीची संमती म्हणजे उपचाराची संमती नव्हे, आणि सज्ञान, समजत्या बाईच्या वतीने आईने होकार देऊन चालत नाही.

माझ्या हातात असतं तर मी लॉगबुकात एक पान वाढवलं असतं. विद्यार्थ्याने एका खऱ्या रुग्णाशेजारी बसायचं. आपलं काय काढणार आहेत, नाही काढलं तर काय होईल, दुसरा इलाज आहे का, हे त्या माणसाच्याच शब्दांत लिहून घ्यायचं. त्याला सांगता आलं नाही, तर सही घ्यायची नाही. सरांना परत बोलवायचं.

बहिणीने हे ऐकून घेतलं. “सरांना परत कोण बोलवणार?” ती म्हणाली. “इंटर्न?”